दिवाळसणाची बॅटरी

घरात नवी म्हैस आली की घरधनी पाहुण्याला ज्या थाटात दाखवतो, त्या थाटात यांनी मला बॅटरी दाखवली. ट्रॅक्टरच्या बाजूची पत्र्याची पेटी उघडली, स्वतः बाजूला झाले आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. नवऱ्यानं एवढ्या हौसेनं काही दाखवलं, तर बायकोनं काहीतरी बोलायला हवं. मी वाकून बघितलं. काळा डबा, वर ओळीनं तीन बुचं, दोन टोकांना शिशाचे दोन खुंट.

"मिसळणाच्या डब्यावाणी दिसतीया," मी म्हणाले.

यांचं तोंड जे उतरलं, ते त्यांनी कळ दाबून पुढचे दोन दिवे लावले तेव्हा परत वर आलं. आणि माझं जे उघडलं, ते बराच वेळ मिटलं नाही. फुंकरीनं न विझणारा दिवा मी तोवर फक्त बेळगावात, रस्त्यावरून जाताना बघितला होता. आमच्या येळ्ळूरला नव्हता आणि सासरी, नंदगडच्या अलीकडच्या त्या रानातल्या गावात, असण्याचा प्रश्नच नव्हता.

लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेला तो ट्रॅक्टर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घेतलेला. सुरू व्हायला त्याला बॅटरी लागत नसे. पुढून हँडल घालून गरागरा फिरवलं की तो आधी शिंकायचा, मग खोकायचा आणि मनात आलं तर चालायचा. बॅटरीवर चालायचे ते नुसते दोन दिवे आणि एक भोंगा. मामंजी म्हणायचे, "बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांवाणी हाय ती. असली तर बरी, नसली म्हणून नांगर काय थांबत न्हाई." मला मात्र त्या अख्ख्या धुडात तेवढी घुंगरंच आवडली होती.

त्याला कारण होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा येळ्ळूरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती. बेळगावच्या अंगणात वाढलेली पोरगी जंगलात दिली म्हणून. माझी थोरली बहीण, आमची आक्का, शहापुरात दिलेली. ती पहिल्या दिवाळसणाला टांग्यातनं आली होती आणि त्या टांग्याचं घोडं अजून तिच्या बोलण्यातनं खाली उतरलं नव्हतं. माझ्या हळदीच्या दिवशी ती सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "सांभाळून राहा गं. तिकडं सांजच्याला दारात अस्वलं येत्यात म्हणं."

तेव्हा मी नुसती हळद लावून घेतली. पण नवरात्राच्या तोंडावर बांगड्या भरायला कासारीण आली. ती पुढं फिरत फिरत येळ्ळूरलाही जायची. तिच्या हातात हात देऊन बसले होते, तेवढ्यात माझी जीभ सुटली.

"माझ्या आईला सांग, दिवाळसणाला आम्ही ट्रॅक्टरवरनं येणार. दिवस बुडता बुडता. पुढं दोन दिवे लावून. वेशीत आलं की भोंगा वाजवणार."

"एकट्या आईला सांगू, का गावाला?" कासारणीनं विचारलं.

"तू आईला सांग. गाव काय बहिरं न्हाई."

झालं. बाण सुटला. आता दिवे लागल्याशिवाय येळ्ळूरच्या वेशीत मला तोंड दाखवता येणार नव्हतं. आणि ते दिवे विझवण्याचं काम पुढच्या आठवड्यात मी स्वतःच्या हातांनी केलं. म्हणजे खरं तर न विझवण्याचं.

आमच्याकडं घट बसायचे. नऊ दिवस देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही आणि ही राखण नव्या सुनेकडं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी बजावलेलं, "तेल सरून दिवा गेला, तर दिव्याचं न्हाई, सुनंचं नाव जातं." मी ते असं मनावर घेतलं की जेवतानासुद्धा एक डोळा देव्हाऱ्याकडं. खंडेनवमीला नांगर, कुळव, कुऱ्हाडी, विळे सगळे धुऊन पूजेला मांडले. ट्रॅक्टरही न्हाऊन, झेंडूचा हार घालून उभा होता. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, पेटी उघडून बॅटरीलाही वाहिलं. आरती झाली. यांनी हौसेनं दिवे लावले. सगळ्यांनी हात जोडले. मग हे कळ फिरवायला वाकले.

"अवो, विझवू नका," मी म्हणाले.

"का गं?"

"पूजेतला दिवा हाय. शिलंगण हुईस्तवर विझवायचा नसतो."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मी मनातल्या मनात सुनांची पाटीलकी घेऊन टाकली. "बघा," त्या म्हणाल्या, "काल आलेल्या पोरीला कळतंय."

यांनी तोंड उघडलं. बॅटरी उतरेल असं काहीतरी म्हणणार होते बिचारे.

"तेल थोडंच जळतंय त्यात?" मी त्यांना वाटेतच अडवलं.

आज लिहितानाही कान तापतात. पण ती सोळा-सतरा वर्षांची शहाणी तेव्हा असं डोकं हलवून बोलली, जणू विजेचा शोध तिच्या माहेरीच लागला होता.

दसऱ्याच्या सकाळी ते दोन दिवे आजारी कोंबड्याच्या डोळ्यांसारखे लाल झाले. शिलंगणाला निघेपर्यंत ते लालही राहिले नाहीत. हे कळ दाबत राहिले, भोंग्यातनं म्हाताऱ्याच्या उचकीएवढा आवाज आला आणि मग तोही नाही. पुढं चार दिवस ट्रॅक्टर शेतात पळवून बघितला. पळताना बॅटरी आपोआप भरते म्हणे. दिवे क्षणभर लुकलुकायचे, परत मिटायचे. आधीच लष्करानं टाकलेली म्हातारी, त्यात मी तिला अख्खी रात्र जागरणाला बसवली होती. घरात मात्र एक नवी म्हण आली. कुणी दूध उतू घालवलं, कुणाच्या हातनं रहाटाची घागर विहिरीत गेली, की कुठून तरी आवाज यायचा, "जाऊ द्या, तेल थोडंच जळतंय."

दिवाळी जवळ आली. मामंजी म्हणाले, गाडी जुंपून जावा, बैल कुणाचं काय खात न्हाईत. मी जेवण टाकलं नाही, रुसले नाही. नुसती चुलीपुढं बसून नाक ओढत राहिले आणि धूर आहे म्हणून सांगितलं. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "जा घेऊन बेळगावला ती बॅटरी. आणि हिलाच न्यावं संगं. जिनं जागवली, तिनंच मांडीवर घेऊन बसावं."

खानापुरापर्यंत बैलगाडी आणि तिथून आगगाडी. बॅटरी टोपलीत, टोपली आमच्या दोघांच्या मध्ये. समोरच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय गं आत?" मी म्हणाले, "दिवे." तिनं टोपलीत वाकून बघितलं आणि स्वतःचं गाठोडं उचलून पलीकडं जाऊन बसली.

टिळकवाडीत रेल्वेच्या फाटकाजवळ एक मेस्त्री बॅटऱ्या भरून द्यायचा. तिकडं वकील-मास्तरांचे बंगले, त्यांच्यातल्या कुणाकुणाकडं मोटारी. एका लांब फळीवर त्यांच्या बॅटऱ्या शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत बसलेल्या. एकीची तार दुसरीला, दुसरीची तिसरीला आणि वर भिंतीवर भर दुपारी पेटलेले बल्ब. वास असा, की लिंबाचं लोणचं लोखंडी कढईत घातलंय. मेस्त्री कानडी माणूस, मराठी बोलायचा ती पण कानडीच्या चालीवर, आणि भेटेल त्या बाईला आक्का म्हणायचा. त्यानं टोपलीवरचं फडकं काढलं. बॅटरीवर अजून माझं हळदकुंकू होतं.

"ह्या बॅटरीचं लगीन झालंय काय, आक्का?"

"पूजा झालीया," हे म्हणाले आणि मग माझा नंदादीप त्याला रंगवून सांगितला. मी भिंतीवरचे बल्ब मोजत राहिले.

मेस्त्री हसला, पण दुष्टपणानं नाही. बुचांवर बोट ठेवत म्हणाला, "तीन बुचं, तीन घरं. एका घराला दोन व्होल्ट. म्हंजे ही सहाची. बाराची असती तर बुचं सहा असती. आधी बुचं बघायची, मग बोलायचं." मग बुचं काढून त्यानं रबरी गोंड्याची काचेची नळी आत घातली आणि पाणी ओढलं. आतलं पाणी साधं नसतं, तेजाब असतो, म्हणजे अ‍ॅसिड. नळीत एक इवलंसं बोंडूक होतं, काचेचं, बोंडासारखं. ते वर आलं तर घरात जीव आहे, तळाला बसलं तर नाही. आमच्या तिन्ही घरांत ते तळाला बसलं.

रात्रभर भरून बघू म्हणाला. आम्ही वडगावात यांच्या आत्याकडं वस्तीला राहिलो. सकाळी परत गेलो, तर दोन घरांत बोंडूक वर आलेलं आणि तिसऱ्यात पुन्हा तळाला.

"तीन भावांचं घर हाय, आक्का," मेस्त्री म्हणाला. "दोगं राबत्यात, तिसरा झोपलाय. आणि झोपून दोगांचं खातोय. किती भरलं तरी रिकामंच."

"मग तिसऱ्याला उठवता येत न्हाई?"

"तुमच्या घरात कुणी झोपलेला भाऊ असंल, तर त्याला उठवून बघा. मग मला सांगा."

बदलायचीच ठरली. त्याच्याकडं कुठल्याशा मोटारीतनं काढलेली, पण धडधाकट अशी एक बॅटरी होती. तीन बुचांचीच. यांनी वितीनं लांबी-रुंदी मोजली. आमच्या पेटीत बसणार होती. फक्त तिच्या खुंटांवरच्या खुणा झिजून गेलेल्या.

मेस्त्रीनं आधी आमच्या म्हातारीच्या दोन्ही खुंटांना तांब्याची एकेक तार लावली आणि तारांची टोकं मिठाच्या पाण्यात सोडली. एका तारेभोवती भाताला आधण यावं तसे बुडबुडे आले. दुसरी गप्प. "लई बुडबुडे ते टोक उणं. गप्प ते अधिक." मग यांना विचारलं, ट्रॅक्टरच्या अंगाला कुठला खुंट बांधलेला होता? यांनी बोट दाखवलं. तो गप्प बसणारा निघाला.

"म्हंजे तुमच्या यंत्रात अधिक टोक अंगाला आणि उणं टोक दिव्यांकडं. पुष्कळ यंत्रांत उलटं असतंय. इसरू नका. उलटं बांधलं तर दिवे लागतील, पण बॅटरी भरणारा आतला डायनामो जळून जाईल."

नव्या बॅटरीचं अधिक टोक त्यानं तसंच पारखलं आणि खूण करायला कानस उचलली.

"अवो, नव्या वस्तूला जखम कशाला करता? अजून पूजा पण झाली न्हाई," मी म्हणाले. कमरेच्या पिशवीतनं पूजेचा लाल नाडा काढला आणि त्या खुंटाला गाठ मारून दिली.

"बेडा, आक्का, बेडा," तो नको नको करत होता. "दोरा तिथं ऱ्हाईत न्हाई. आणि ही बॅटरी कापडाला लागू देऊ नका."

"आमचा नाडा मनगटावर वर्षभर ऱ्हातोय," मी सांगितलं. मेस्त्रीनं यांच्याकडं बघितलं. यांनी आभाळाकडं बघितलं.

येताना शहापुरात एका विणकराच्या घरातनं यांनी मला साडी घेतली. अंजिरी, पिवळ्या काठाची. दिवाळसणाला दिव्यांबरोबर तीच दिसणार होती. आगगाडीत बॅटरीला हिसके बसायला लागले, तेव्हा मी तिच्याखाली मऊ काहीतरी हवं म्हणून साडीची घडी सरकवली. घरी आल्यावर उलगडून बघितली. डाग नाही, ओल नाही, काही नाही. "मेस्त्री उगीच भेडवत होता," मी यांना म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी बसवायला घेतली. मी पुढं होऊन टोपलीवरचं फडकं काढलं आणि बोट पुढं केलं. "हे बघा, अधिक."

बोट हवेतच राहिलं. नाड्याचा भुगा होऊन टोपलीभर सांडला होता. गाठसुद्धा उरली नाही.

दोन्ही खुंट सख्ख्या जावांसारखे माझ्याकडं बघत राहिले. बेळगावला परत जायला वेळ नव्हता. मामंजी लांब ओट्यावर दोर वळत बसले होते, तिथनंच म्हणाले, "गाडी जुंपा म्हणून मी पहिल्यापासनं सांगतोय." माझ्या डोळ्यांपुढं येळ्ळूरची वेस आली, वेशीत आक्का आणि तिच्यामागं टांग्याचं घोडं.

"मिठाचं पाणी," मी म्हणाले आणि घरात पळाले.

हाताला लागली ती परात घेतली. सकाळीच तिच्यात उटण्याची हळद कालवली होती, ती धुवायचंही भान नव्हतं. मूठभर मीठ, तांब्याभर पाणी. यांनी मेस्त्रीसारख्या दोन तारा लावल्या आणि परातीत सोडल्या. आत्याबाईही आल्या आणि आम्ही तिघं वाकून बसलो.

एका तारेला बुडबुडे आले. आणि त्या तारेभोवतीचं पिवळं पाणी हळूहळू लाल व्हायला लागलं. अगदी कुंकवासारखं लाल.

आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले. "कौल दिला. देवीआईनं कौल दिला."

"आई, बुडबुडं आलं ते टोक उणं," हे म्हणाले.

"उणं? कुंकू आलं त्या टोकाला उणं म्हणतोस? कुंकवाचं ते अधिक. अंगाला तेच बांधायचं."

"अगं पण मेस्त्रीनं बुडबुडं..."

"बुडबुडं डाळीला बी येत्यात."

मला तो लाल रंग ओळखीचा होता. घरी कुंकू करताना हळदीत चुन्याची निवळी पडली की ती अशीच लाल होते. त्या तारेपाशी तसलंच काहीतरी होत असणार, एवढं मला कळलं. पण आत्याबाईंना देवीनं हाक दिली होती आणि सुनेनं मध्ये चुना आणणं शहाणपणाचं नव्हतं. त्यांचं ऐकावं तर डायनामो जळणार. यांचं ऐकावं तर त्या बॅटरीला आत्याबाई उभ्या जन्मात हात लावू देणार नाहीत. मी पदर सावरला.

"आत्याबाई, एक इचारू? कुंकू कुणाला लावायचं? ट्रॅक्टरच्या अंगाला, का दिव्याला?"

त्या थांबल्या. "दिव्याला. सांजवात लावताना दिव्याला कुंकू लावतो की आपण. अंगाला कशाला?"

"मग कुंकवाचं टोक दिव्यांकडं जायला पायजे."

"तेच तर मी मघापासनं सांगतीया," आत्याबाई म्हणाल्या. "ह्या पोराला कळंल तवा."

उणं टोक दिव्यांकडं, अधिक टोक अंगाला. मेस्त्रीनं सांगितलं होतं अगदी तसं. हे पाना घेऊन पेटीत वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. नुसती पाठ हलत होती. आत्याबाईंना वाटलं, पोरगा जोर लावतोय.

दिवे लागले. "उलटं बांधलं तरी लागले असते," मामंजी ओट्यावरनं म्हणाले. म्हणजे ते सगळं ऐकत होते. हँडल मारलं, ट्रॅक्टर शिंकला, खोकला आणि सुरू झाला. हे समोरच्या काट्याकडं टक लावून होते. बॅटरी भरत असली की तो पूर्वी उजवीकडं झुकायचा. काटा थरथरला आणि उजवीकडं झुकला. तेव्हा कुठं मामंजींनी दोर खाली ठेवला, येऊन काटा बघितला, आणि जाताना ट्रॅक्टरच्या पाठीवर बैलाला मारतात तशी थाप मारली.

दुसऱ्या दिवशी मागं बैलगाडीच बांधली. तिच्यात मी, अंजिरी साडीत, फराळाचे डबे मांडीवर धरून. मलप्रभेचा पूल ओलांडला. वाटेत ट्रॅक्टर दोनदा रुसला, दोनदा समजूत काढली. येळ्ळूरच्या शिवारात शिरलो तोवर गडामागं दिवस गेला होता. भात कापणीला आलेलं. यांनी कळ दाबली आणि दोन पिवळे पट्टे त्या भातावर पसरले. कणसं एकदम उठून उभी राहिल्यासारखी दिसली. मी मागनं सारखी ओरडत होते, "आता भोंगा... न्हाई, थांबा... आता."

कासारणीनं काम चोख केलं होतं. अर्धं गाव वेशीत. पुढं आई ओवाळून टाकायला तुकडा-पाणी घेऊन आणि तिच्या बाजूला आक्का, डोळ्यांवर हात धरून. भोंगा वाजला तशी ती दोन पावलं मागं सरकली. ती दोन पावलं मी आजही विसरलेले नाही.

"आलीस व्हय?" ती म्हणाली. "आणि अस्वलं कुठं हायत गं?"

"एक आणलंय की," मी म्हणाले. "पुढं बसून ट्रॅक्टर चालवतंय ते."

गाव हसलं, हे हसले, आक्कासुद्धा हसली. तिनं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, दिव्याच्या काचेला बोट लावून बघितलं आणि मग हळूच म्हणाली, "टांग्यापेक्षा बरं हाय." मी जन्मभर पुरवून खाल्लेलं वाक्य आहे ते.

त्या रात्री माझ्याइतकं ताठ कुणी झोपलं नसेल.

सकाळी माझं अभ्यंगस्नान झालं. आईनं माझी अंजिरी साडी कौतुकानं पाण्यातनं काढली, पिळली आणि दोरीवर झटकून टाकली. झटकली तशी ती फाटली नाही, तिच्यातनं साडीच गळाली. मेस्त्रीचा तेजाब इतके दिवस घडीत गप्प बसून होता, तो पाण्याला बोलला. मधोमध नुसती चाळण. तिच्यातनं उन्हाचे शंभर कवडसे मागच्या सारवलेल्या भिंतीवर पडले आणि वाऱ्यावर नाचायला लागले.

आई कपाळाला हात लावून बसली. आक्का आली. तिनं भिंतीकडं बघितलं, साडीकडं बघितलं, शेवटी माझ्याकडं.

"कालचे दोन कमी पडले म्हणून हे एवढे दिवे आणलेस व्हय गं?"

हे अंगाला उटणं लावून पाटावर बसले होते. त्यांनी मान वर केली. ते काय बोलणार हे मला कळलं. म्हणून त्यांच्याआधी मीच बोलून टाकलं.

"राहू दे की लागलेले. तेल थोडंच जळतंय?"